दारावरचा 'बे'

रतनबाईच्या कमरेला अख्खी वसाहत लटकलेली असायची. सुतळीत ओवलेल्या किल्ल्यांचा हा एवढा झुपका. उजवा पाय ओढत ती चालायला लागली की झुपका मांडीवर आपटायचा आणि खळखळायचा. तो आवाज ऐकून बांधलेली शेळीसुद्धा मान वर करायची. करणार नाही तर काय. दसरा झाल्यावर त्या माळावर दुसरा आवाजच नसायचा.

दसऱ्यानंतर ट्रक यायचे. भांडी, कोंबड्या, पोरं, म्हाताऱ्या, कोयते, सगळं एकावर एक रचून ट्रक कारखान्यांच्या वाटेला लागायचे आणि घाटनांदूरच्या अलीकडची ती ऊसतोड्यांची वसाहत मागं बोडकी पडायची. मागं राहायच्या दोघी. एक रतनबाई. तिच्या पायावरून उसाच्या गाडीचं चाक गेलेलं, त्यामुळं मुकादमाच्या लेखी ती माणसांतून उठली होती. दुसरी अजमतबी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती.

वसाहतीची जागा सरकारदप्तरी 'बेचिराग' म्हणून होती. हा निजामाच्या अंमलातला शब्द. चिराग म्हणजे दिवा; ज्या गावठाणात दिवा लागत नाही ते बेचिराग. कधीकाळी तिथं गाव होतं. पटकी आली, का विहिरी आटल्या, का दरोडे पडले, कुणी धड सांगत नाही. गाव उठलं ते उठलंच. राहिला तो पडक्या भिंतींचा पांढऱ्या मातीचा ढीग. असली जागा ऊसतोड्यांना देताना कुणाच्या पोटात दुखलं नाही. कुणालाच नको असलेली वस्तू दान करायला आपल्याकडं पुढारी एका पायावर तयार असतात.

सोसायटीनं भिंती उभ्या करून दिल्या. वर पत्रे येणार होते. ते कुठं गेले ते पत्र्यांनाच ठाऊक. मग लोकांनी बाभळीच्या, लिंबाच्या तुळया टाकल्या, त्यावर कापसाच्या पळाट्या अंथरल्या आणि त्याच ढिगाची पांढरी माती वाहून माळवदं केली. त्या मातीत बांगड्यांचे तुकडे निघत. फुटक्या जात्याची पाळी निघे. एकदा लेकराच्या पायातलं वाळं निघालं.

"मेलेल्यांच्या भिंती डोक्यावर घेऊन झोपतो आपण," अजमतबी म्हणायची. "ख्वाब बी त्यांचेच पडनार."

सोसायटीचं नाव लांबलचक: ऊसतोड कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था. चेरमन अर्जुनराव. त्यांनी उसाला हात लावला असेल तो रसवंतीत. संस्थेच्या नियमांत एक कलम होतं, ज्या घराची वहिवाट नाही ते घर संस्थेकडं जमा. कलम कागदावर चांगलंच दिसतं. पण वहिवाटीची तपासणी व्हायची फाल्गुनात, कोयते ऐन फडात असताना. माणसं शेकडो कोस लांब ऊस तोडतायत आणि इकडं चेरमन दारं ठोठावत फिरतायत, "कोणी राहतं का?" यालाच सहकार म्हणतात.

सेक्रेटरी बिभीषण गेरूचं डबडं घेऊन मागं चालायचा. घर बंद आणि ओस दिसलं की दारावर मोठा 'बे' काढायचा. बे म्हणजे बेचिराग.

पहिल्यांदा तो 'बे' पडला तेव्हा अजमतबीनं बोटांनी अक्षर चाचपलं होतं. "घरालाच 'क्या बे' म्हनतेत का रे? जरा अदबीनं लिवा की."

हसणं तेवढ्यावरच थांबलं. तो 'बे' सुग्रीवच्या दारावर होता. अक्षय तृतीयेला सुग्रीव बायकापोरं घेऊन परत आला तर दाराला सोसायटीचं कुलूप आणि आत चेरमनच्या मेव्हण्याचा कडबा रचलेला. सुग्रीव बराच वेळ स्वतःच्या उंबऱ्यावर बसून फटीतून कडबा बघत राहिला. मग पोराला कडेवर घेतलं आणि आला त्या वाटेनं गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्याच संध्याकाळी रतनबाई घरोघर फिरली. "जाताना किल्ल्या माझ्याकडं द्यायच्या. घर नांदतं दिसलं पायजे ना त्येंला? दिसंल."

पुढचं सगळं शहाऐंशी सालचं. दोन मृग कोरडे गेले होते. गावची जनावरं सरकारी छावणीला बांधलेली, विहिरींच्या तळाला भेगा, पाणी टँकरचं. तेही ड्रायव्हरची मर्जी असली तर.

शहरातल्या माणसाला वाटतं घर एकदा बांधलं की झालं. मातीच्या घराचं तसं नसतं. ते दुभत्या म्हशीसारखं असतं, एक दिवस हात फिरवला नाही की पान्हा चोरतं. नवरात्राआधी बायका भिंती पोतारून, गोधड्या धुऊन घर लख्ख करून ठेवायच्या आणि ट्रकमध्ये बसायच्या. त्यानंतरचं सगळं रतनबाईकडं. कार्तिकात चौकटींना उदई लागते. मातीची बारीक नळी जमिनीतून निघते आणि गुपचूप लाकूड खात वर चढते. ती खरवडून रतनबाई ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोळायची. मग घुशी भिंतीच्या पायात शिरायच्या. बिळात काचा कोंबून वर चिखलाचा गोळा थापायचा. पौषाच्या थंडीत भिंती उकलायच्या, त्या लिंपायच्या. चुलींना पोतेरं. आणि वैशाखात माळवदाचं काम: वर नवी पांढरी माती पसरायची, पाणी शिंपायचं आणि चोपण्यानं, म्हणजे धुण्याच्या धोपटण्यासारख्या पसरट लाकडानं, धप्प धप्प चोपून काढायची. पाऊस नसला म्हणून माळवद सोडता येत नाही. उन्हानं माती भुगा होते आणि झोपल्याजागी तोंडावर गळते.

या सगळ्याच्या खाली बारमाही सारवण. त्याला शेण लागतं आणि पाणी लागतं. शेण ती छावणीतून डोक्यावर आणायची. पाणी स्वतःच्या वाट्यातलं.

"प्यायला घोटभर न्हाई, अन् ही भुईला पाजती," अजमतबी दारात बसून चिडायची. "त्यो नळकांड्यावाला टँकर तुझा जावई हाय का गं?"

"तू कावून जळतीस? तुज्या बी घराला पाजते."

"मी तर हाय की घरात! जित्ती!"

"म्हणूनच तुज्या घराला कमी पाजते."

रतनबाई नुसतं काम करत नव्हती, ज्याच्या त्याच्या पद्धतीनं करत होती. त्यामागं कारण होतं. सेक्रेटरी बिभीषण ऊसतोड्याच्याच पोटचा. त्याच्या आईनं जन्मभर कोयता चालवला, जन्मभर भुई सारवली. सगळ्या घरांत एकच हात फिरलेला त्यानं ताबडतोब ओळखला असता. म्हणून रतनबाई राधाकिशनच्या घरात त्याच्या बायकोसारखे मोठे, घाईचे फेर ओढायची. रुकसानाच्या घरात बारीक, माशाच्या खवल्यांसारखे. आळीपाळीनं एकेका चुलीत गोवरीचा तुकडा ठेवून धूर करायची. कुणाच्या दोरीवर जुनं लुगडं वाळत टाकायची, कुणाच्या दारात खरकटं पाणी. सारवून झालं की उंबऱ्याशी रांगोळीची एक रेघ मात्र हमखास. सारवून कोरी सोडलेली भुई म्हणजे मढं उचलल्यानंतरची. नांदत्या घरात असं कुणी करत नाही.

फक्त एका घरात तिचं सोंग अपुरं पडायचं. छबुबाईच्या. छबू डावरी. तिचे फेर उलटे फिरायचे. रतनबाईनं डाव्या हातानं करून पाहिलं, पण शेणाचे नुसते लपके पडले. मग तिनं नाद सोडला. एका घराकडं कोण एवढं बघतंय?

छबूला नवरा नव्हता. लेक शिवकन्या सासरच्यांनी टाकलेली. मायलेकी मिळून एक कोयता धरायच्या. छबू तोडायची, पोरगी मोळ्या बांधायची. माहेर म्हणा, सासर म्हणा, दोघींचं सगळं त्या दोन खणांत होतं. ट्रक हलायच्या आधी छबूनं खाली वाकून किल्ली दिली होती.

"रतने, माझ्या घराकडं जरा जादा बघ. पोरीला दुसरी जागा न्हाई."

"बघते की. तू तिकडं पाय सांभाळ. माझ्यासारखी होऊन आलीस तर दोघींनी मिळून किल्ल्याच वाजवाव्या लागतील."

छबू हसली होती. ट्रक गेला.

माघ लागला तसं रतनबाईला एक वेगळंच वाटायला लागलं. कुलूप काढताना हात अडखळायचा. आतली माणसं आपल्या किल्ल्यांचा आवाज ऐकून उठतायत आणि दार उघडायच्या आत मागच्या भिंतीला चिकटून उभी राहतायत, असं वाटायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण? तिनं आपली सवय लावून घेतली, दार ढकलायच्या आधी खाकरायचं. रिकाम्या घरांना चाहूल देत ती भर उन्हात फिरायची.

अशाच एका दुपारी तिनं छबूचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली.

भुई ओली होती. नुकती सारवलेली, शेणाचा हिरवा वास अजून कोंडलेला. फेर एकात एक गुंतत आतल्या भिंतीपासून दारापर्यंत आले होते, सुबक आणि उलटे. डाव्या हाताचे. उंबऱ्याशी रांगोळी नव्हती.

रतनबाईनं कोपऱ्यातला हंडा पाहिला. परवा तिनं भरून ठेवला होता तसाच काठोकाठ होता. वर धुळीची साय. त्यातलं थेंबभर पाणी कुणी घेतलं नव्हतं. मग ही भुई कशानं भिजली?

तिनं खाली बसून बोट टेकवलं. गार लागलं. बोट नाकाशी नेलं. शेण छावणीतलं नव्हतं. छावणीतल्या जनावरांच्या पोटात कोरडा कडबा, त्यांच्या शेणाला वासच नसतो. हे हिरव्या वैरणीवरच्या जनावराचं शेण होतं. उसाचं वाढं खाल्लेल्या बैलाचं.

ती उठली, कुलूप लावलं आणि अजमतबीकडं गेली.

"छबूच्या घरात तू गेलतीस?"

"मी? मी मोरीपर्यंत गेले तरी हज केल्यासारखं वाटतंय मला."

"दुसरं कुणी आलतं?"

अजमतबीनं दुधाळ डोळे तिच्याकडं वळवले. "तेच तुला विचारनार होते. सकाळी छबूच्या माळवदावर कुनाला चढवलंस? धप्प धप्प चालू होतं. म्हनलं, वैशाखाचं काम माघात कावून काढलं हिनं?"

रतनबाईनं छबूच्या भिंतीला शिडी लावली. दुखरा पाय एकेका पायरीवर ठेवत वर गेली. चहूकडं माळवदं उन्हानं पांढरी फटक पडलेली, टाचेखाली चुरा होणारी. छबूच्या माळवदावर मधोमध सुपाएवढं ठिगळ ओलं होतं. नवी माती घालून चोपलेली, कडा तळहातानं निगुतीनं मिटवलेल्या. बरोबर तिथंच मागच्या साली गळत होतं, हे छबूखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एकट्या रतनबाईला ठाऊक होतं, कारण छबूनं तिला सांगितलं होतं.

तिच्या डोळ्यांदेखत ठिगळ सुकत गेलं आणि बाकीच्या मातीत मिसळलं.

ती खाली उतरली. अजमतबीच्या दारात येऊन बसली. मग अजमतबीनं स्वतःचा तांब्या पुढं केला. त्या साली कुणी कुणाला न मागता पाणी देत नव्हतं.

दोनचार दिवसांनी मुकादम पंडित मोटरसायकलवरून आला. फडात माणसं कमी पडली होती, आणखी कुणी मिळतंय का बघत तो गावोगाव फिरत होता. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही.

"छबू गेली गं."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? गेली. मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती, पाय घसरला. मानंवर पडली. तिथंच कॅनॉलच्या कडंला उरकलं समदं."

"कवा?"

"झालं की. माघी एकादशीच्या अलीकडं-पलीकडं."

रतनबाईनं भिंतीला हात लावला. "पोरगी?"

"हाय तिथंच. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम सरल्याबिगर कशी सोडू? उचल घेतलेली हाय मायलेकींनी." त्यानं ॲक्सिलेटर पिळला. "चेरमनच्या कानावर घातलंय मी. सभासद गेला की कळवावं लागतंय."

"आईला जाळून पोरगी दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधाय लागली, ते कळवलंस का?"

"तुजं काय जातंय, म्हातारे? नीट बोल."

"माझं काय जायचंय. पाय तर तुमच्याकडंच गेलाय माझा."

पंडित धूळ उडवत निघून गेला. रतनबाई तिथंच उभी राहिली. चेरमनच्या कानावर गेलं म्हणजे काय झालं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजवर सोंग चालत होतं, कारण सभासद जिवंत होते. घरधनीण कामाला गेलीय, येईल, असं म्हणता येत होतं. आता छबूच्या दोरीवर लुगडं वाळत घातलं तर चेरमन विचारणार, हे कुणाचं? मेलेल्या बाईचं? दारावर 'बे' पडणार. वैशाखात शिवकन्या येईल आणि सुग्रीवसारखी फटीतून कुणाचा तरी कडबा बघत बसेल. सुग्रीवला जायला वाट तरी होती.

त्या दुपारी दोघींनी भाकरी केली नाही.

"आमच्यात मय्यत झाली की तीन दिस त्या घरात चूल पेटवत न्हाईत," अजमतबी म्हणाली. "शेजारचे खाना देतेत. तुमच्यात?"

"आमच्यात सुतक. दहा दिस."

"मग छबूचं धरलं कुनी?"

"पोरगी धरंल तिकडं. फडात कसलं आलंय सुतक. भावकीनं तर तोंड बघितलं न्हाई तिचं कवा."

"हौ. पन मी काय म्हनते, रतन." अजमतबी सुपारी कातरत होती, अंदाजानंच, पण बोट कधी कापायची नाही. "रिकाम्या घराला असतं का गं सुतक?"

रतनबाईनं मान वर केली.

"न्हाई ना? मानूस नांदत आसंल तिथंच असतं ना? मग तू खोटं कावून दाखवतीस चेरमनला? जे हाय तेच दाखीव."

रतनबाई उठली. कमरेच्या झुपक्यातून तिनं छबूची किल्ली वेगळी काढली. आधी अंगणातली जुनी, पुसट झालेली रांगोळी पायानं मोडली. दोरीवरचं लुगडं काढून घडी घातली. आत गेली तेव्हा भुई परत ओली होती. तिनं आता नवल केलं नाही. उलट्या फेरांवर पाय पडणार नाही अशी भिंतीकडून गेली आणि चुलीपुढं पणती लावली. पणतीशेजारी ज्वारीचं पीठ चाळणीनं पातळ पसरलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. मेलेल्या माणसाचा जीव घरी येतो आणि पिठावर खूण सोडतो, असं आपल्याकडं मानतात. पाऊल उमटतं, पाखराचं, मुंगीचं, माणसाचं. पुढचा जन्म कशाचा ते सांगून जातो.

"छबे," ती म्हणाली. "भावकीतली न्हाई मी तुजी. पन धरलं."

दार तिनं सताड उघडं ठेवलं. वसाहतीत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जीप आली. अर्जुनराव खाली उतरले, पांढरे कपडे, पायात तपकिरी बूट, हातात काठी. मागून बिभीषण, गेरूचं डबडं घेऊन. फाल्गुन अजून लागायचा होता. त्यांना घाई होती.

ते वरच्या ओळीतून निघाले. प्रत्येक दारापुढं थांबायचे. रतनबाई कुलूप काढायची, खाकरायची, दार ढकलायची. आत सारवलेली भुई, रांगोळीची रेघ, चुलीत ऊब.

"रिकाम्या घरात चूल कुणी पेटवली?" अर्जुनरावांनी विचारलं.

"घर तापवावं लागतंय, मालक. न्हाईतर उदई खाती. तुमच्या वाड्याला लागत न्हाई व्हय उदई?"

बिभीषण खाली बसून भुई बघत होता. मोठे फेर, बारीक फेर. त्यानं एकदाच मान वर करून रतनबाईकडं पाहिलं. कुंचला डबड्यातच ठेवला.

असं करत ते छबूच्या घराशी आले. दार उघडं होतं. आत पणती जळत होती.

"ही सभासद वारली," अर्जुनराव म्हणाले. "लिही बे."

बिभीषणनं कुंचला उचलला, आणि उंबऱ्याकडं पाहून तसाच धरून ठेवला. कोरी भुई. पणती. पालथी टोपली. तो ऊसतोड्याचा पोर होता, त्याला वाचता येत होतं. त्यानं आधी चप्पल काढली.

"काय झालं?"

"सुतक हाय साहेब. घरात."

"कुणाचं सुतक? घरात आहे कोण?" अर्जुनराव रतनबाईकडं वळले. "तू कोण तिची? भावकीतली?"

"भावकी असती तर कवाच इकून खाल्लं असतं मालक हे घर."

"मग सुतक धरलं कुणी?"

"सुतक कुणाला लागतंय? भिंतीला लागतंय का? माळाला लागतंय का? हे गावठान मेलं तवा ह्येचं सुतक कुणी धरलं न्हाई, म्हणून तर ते बेचिराग झालं. हितं धरलंय. हितं बाईचा दिवा जळतुय. तिची लेक वारस हाय, फडात हाय, येणार हाय. बेचिराग लिवायचं तर आदी ती पणती इझवा तुमच्या हातानं."

अर्जुनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. दारातून माघार घ्यायची आणि तीही लंगड्या बाईपुढं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. ते बूट घालूनच आत गेले. ओल्या भुईवरून चार-दोन पावलं टाकली, वाकले आणि काठीच्या टोकानं टोपली उलटी केली.

पिठावर पाखराचं पाऊल नव्हतं. माणसाचंही नव्हतं. चार बोटांनी ओढलेला एक फेर होता, उलटा, सारवणाचा. कुणीतरी पीठसुद्धा सारवायला घेतलं होतं आणि टोपली उचलल्यामुळं मधेच थांबलं होतं.

"उंदीर," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला असावा; पुढचा शब्द त्यांनी हळू काढला. "चल."

ते वळले आणि जागीच उभे राहिले. दार चार पावलांवर होतं. मधली भुई सपाट, ओली, फेरच फेर. आत आलेल्या बुटांचा एकही ठसा तिच्यावर नव्हता. त्यांनी पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. तळाला शेण लागलेलं होतं.

बिभीषण उंबऱ्याबाहेरून हे सगळं बघत होता. रतनबाईसुद्धा. अर्जुनराव भिंतीला धरून, अंग चोरून, एकेक पाऊल टाकत बाहेर आले. जीपपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. दारात बसलेली अजमतबी म्हणाली, "कोन गेलं? चाल तर चेरमनची हाय, पन धाकट्या भावासारखी वाटली."

"साहेब, काय लिवू?" बिभीषणनं हाक मारली.

"लिही काय लिहायचं ते."

बिभीषणनं डबडं खाली ठेवलं. दारावर काही न लिहिता त्यानं गेरूनं चौकटीच्या वरच्या लाकडाला पाच बोटं टेकवली, घरभरणीला टेकवतात तशी. मग चप्पल हातात घेऊन तो जीपकडं गेला.

पट्टा पडला. वैशाखात ट्रक परत आले. शिवकन्या उतरली ती एकटी, डोक्यावर गाठोडं, हाताला कोयत्याचे घट्टे. रतनबाईनं सुतळीतून किल्ली सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली. पोरगी रडली नाही. तिनं कुलूप काढलं, आत उभी राहून छताकडं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, माती टाकायला झाली आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाई चोपणं घेऊन मदतीला निघाली. दसऱ्यापासून ती त्या दारानं कुणाला न विचारता आत जायची. आज ती उंबऱ्याबाहेर थांबली. आता ते दुसऱ्याचं घर होतं. आतून भुईवर हात फिरल्याचा आवाज येत होता, सरक, सरक, एका लयीत.

"शिवे, येऊ का गं आत?"

"ये की," आतून आलं. हात थांबला नाही.

रतनबाईनं पाय उचलला आणि सहज ढिगाकडं तिची नजर गेली. तिकडून पांढऱ्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन शिवकन्या येत होती, अजून बरीच लांब.

रतनबाईनं पाय परत खाली ठेवला. चोपणं भिंतीला टेकवलं आणि पदर सारखा केला.

"कुणाशी बोलतीस मावशी?" शिवकन्यानं पाटी उतरवत विचारलं.

"आत सांग आदी, माती आणली म्हणून," रतनबाई म्हणाली. "मग चढ वर. मी खालून पाणी देते."